ऑपरेशन तिचंच का?

गर्भनिरोधनाचं साधन किती भरवशाचं, हे ते वापरणाऱ्याला किती लक्षात ठेवावं लागतं यावर बरंचसं ठरतं. गोळी रोज न चुकता घेतली, तर वर्षभरात शंभरातल्या एखाद्या बाईलाही दिवस जात नाहीत. प्रत्यक्षात गोळी विसरते, पाकीट संपतं आणि हा आकडा ७ पर्यंत जातो. निरोधच्या बाबतीत १३ पर्यंत. तांबी एकदा बसवली की विसरायला काही उरतच नाही, म्हणून तिथे तो एकाच्या आत राहतो. पुढचं मूल काही वर्षांनी हवं असेल, तर तांबीचा विचार आधी करावा. पाळीत फार अंगावर जात असेल, तर डॉक्टरांशी बोलून. गुप्तरोगांपासून बचाव मात्र निरोधनेच होतो.

आता मूल नकोच, असं ठरलेल्या जोडप्यांचं गणित वेगळं. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावं लागतं. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून थोड्या मिनिटांत होते, धोका कमी आणि अपयशही कमी. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्वतः शस्त्रक्रिया केलेल्या होत्या, तर नवऱ्याची नसबंदी झालेल्या अवघ्या ०.३ टक्के. सिझेरियन होतंच आहे तर त्यातच उरकू, हा युक्तिवाद रास्त आहे. पण साधं बाळंतपण झालेल्या घरातही टेबलावर तीच जाते, तेव्हा कारण वैद्यकीय नसतं. ‘अशक्तपणा येतो, कष्टाची कामं होत नाहीत’ ही भीती शरीररचनेत टिकत नाही: बांधली जाते ती शुक्रजंतूंची नळी, पुरुषी संप्रेरक तर थेट रक्तात मिसळतं. इच्छा, ताकद, वीर्यपतन सगळं पूर्वीसारखंच. आणीबाणीची आठवण मात्र खोटी नाही. १९७६-७७ मध्ये सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, कित्येकांच्या जबरदस्तीने, आणि त्यानंतर सरकारी कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर सरकला. जबरदस्तीचा राग योग्यच. तो बायकोच्या पोटावर काढणं अयोग्य.

एक अडचण खरी आहे. नसबंदी लगेच लागू होत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरून, वीर्य तपासून शुक्रजंतू उरले नाहीत याची खात्री करावी लागते. पुन्हा नळी जोडण्याचा भरवसाही देता येत नाही. पण तो बाईच्या शस्त्रक्रियेतही नसतोच, आणि तिथे हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.