उत्पादनाचे स्थैर्य आणि खतांचे अर्थकारण

शेतीच्या प्रगतीचे मोजमाप आपण बहुधा हेक्टरी उत्पादनाच्या सरासरीने करतो. परंतु हिंगोलीसारख्या, बव्हंशी पावसावर विसंबलेल्या जिल्ह्यात हा हिशेब अपुरा आहे. समजा, एका शेतात यंदा हेक्टरी वीस क्विंटल ज्वारी झाली आणि पुढील वर्षी चार. सरासरी बारा भरते. दरवर्षी अकरा क्विंटल देणाऱ्या शेताहून ती कागदावर सरस दिसते. मात्र चार क्विंटलच्या वर्षी काढलेले कर्ज वीस क्विंटलच्या वर्षी फिटतेच असे नाही; कारण सर्वांचेच पीक चांगले आले की भाव उतरतात. म्हणून स्थैर्य हे उत्पादनाइतकेच मोलाचे आहे आणि ते बऱ्याच अंशी खताच्या निवडीवर अवलंबून असते.

हा प्रश्न एकदोन हंगामांच्या अनुभवाने सुटणारा नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. तेथे केवळ शेणखत दिलेल्या आणि रासायनिक खते योग्य प्रमाणात दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन दीर्घकाळ जवळपास सारखेच राहिले. रासायनिक खत म्हणजे विष, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये अशा दीर्घकालीन प्रयोगांची मालिका हाती घेतली. तिच्यातील अकोल्याचा प्रयोग आपल्याला विशेष जवळचा. तेथील कृषी विद्यापीठाच्या काळ्या जमिनीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ज्वारी आणि गहू ही पिके त्याच त्या तुकड्यांवर घेतली जात आली आहेत. केवळ नत्र मिळालेले तुकडे मागे पडले. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीला शेणखत मिळालेले तुकडे उत्पादनात आणि स्थैर्यात आघाडीवर राहिले. हिंगोली आणि अकोला यांच्यामध्ये केवळ वाशीम जिल्हा आहे. हा निष्कर्ष आपण परका मानू नये.

याची कारणमीमांसा कठीण नाही. नत्राने पीक हिरवेगार दिसते. परंतु मुळांची वाढ स्फुरदावर आणि पाण्याचा ताण सोसण्याची शक्ती पालाशावर अवलंबून असते. शेणखताने माती भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते. पाऊस वेळेवर आला तर हा फरक फारसा जाणवत नाही; त्याने दडी मारली की तो उघडा पडतो. शिवाय काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असल्याने त्याची झीज वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हे उत्पन्न नव्हे, भांडवल खाणे आहे.

मग शेतकरी युरियाकडेच का वळतो? याचे उत्तर अज्ञानात नसून किमतीत आहे. स्फुरद व पालाश खतांवरील किंमत नियंत्रण १९९२ मध्ये उठले. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, पण युरिया त्याबाहेर राहिला. ४५ किलो युरियाच्या गोणीची किंमत २०१८ पासून, कर वगळता, २४२ रुपये आहे. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला १,३५० रुपये पडतात. २०१५ पासून शासन मृद आरोग्य पत्रिका देऊन संतुलित खताचा उपदेश करते आणि दुकानातील भाव त्याच्या नेमके उलट सांगतो. हातात मोजकेच पैसे असलेला माणूस भावाचेच ऐकणार.

शेणखताची कथाही अर्थकारणाचीच आहे. खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तसा कडबा घटला. कडब्याबरोबर जनावरे आणि जनावरांबरोबर उकिरडा आटला. जे खत उरते त्यावर पहिला हक्क वसमतकडील हळदीसारख्या नगदी पिकाचा. त्यातच शेणखताच्या एका टनातून सुमारे पाच किलोच नत्र मिळते. वाहतूक आणि मजुरी मात्र पूर्ण टनाची द्यावी लागते. बटईने जमीन करणारा शेतकरी हा खर्च कशासाठी करील? त्याचे फळ येण्यापूर्वीच जमीन दुसऱ्याच्या हाती गेलेली असते.

म्हणून केवळ प्रबोधनाने हा प्रश्न सुटणार नाही. युरिया क्रमाक्रमाने त्याच अनुदान योजनेत आणावा. त्यातून वाचणारा पैसा लहान शेतकऱ्याला स्फुरद, पालाश आणि कंपोस्ट यांसाठी मिळावा. बटईचे करार अनेक वर्षांचे व्हावेत. अनुदान शेवटी करदात्याच्या पैशातूनच दिले जाते. त्या पैशाने जमिनीची पत खालावत असेल, तर ते शेतकऱ्याला दिलेले साहाय्य नसून त्याच्या नावावर काढलेले कर्जच होय.