दिवाळी झाली की बालवाडी ओस पडते

आम्हां वसईच्या ख्रिस्ती मंडळींना देण्याची हौस फार. नाताळ जवळ आला की घरोघरी कपाटे रिकामी होतात आणि जुन्या कपड्यांची गाठोडी देवळाच्या ओसरीवर येऊन पडतात. अशाच एका गाठोड्यात मी आमच्या यजमानांचा लग्नातला काळा कोट घातला होता. पुढे वर्षभराने जव्हारच्या डोंगरात एका पाड्यावर तो कोट मला पुन्हा दिसला. नाचणीच्या शेतात दोन काठ्यांवर चढवून त्याचे बुजगावणे केले होते! आमच्या गटातल्या बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले; पण घरी येईपर्यंत एक प्रश्न मनात टोचत राहिला. आपण देतो ते कोणाच्या गरजेचे, त्यांच्या की आपल्या?

आमच्या धर्मग्रामातील दहाबारा जण 2016 पासून महिन्यातून एकदा या पाड्यावर जातो. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहे, एक डॉक्टर आहेत, दोन शिक्षिका आहेत आणि बाकीची माझ्यासारखी, ओझी उचलणारी. वसईहून पहाटे निघावे तेव्हा मनोर, विक्रमगड करीत तीनचार तासांनी जीप घाट चढते. सरकारी अंगणवाडी मुख्य गावात, ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा अडला की पाड्यावरची मुले अलीकडेच राहतात. म्हणून पाड्यावरच्या एका पडवीत बालवाडी सुरू झाली. तिची ताई पाड्यातलीच, बारावी झालेली वारली मुलगी. तिचे मानधन आणि मुलांचे दुपारचे खाणे आम्ही पाहतो. आम्ही जातो त्या दिवशी त्याच पडवीचा दवाखाना होतो.

पहिल्याच भेटीत एका म्हाताऱ्या बाबांनी सरळ विचारले होते, “आमचा देव बदलायला आलात का?” आमच्या फादरांना राग आला नाही. “नाही बाबा, पोरांची वजने करायला आलो,” ते म्हणाले, आणि परतताना गाडीत त्यांनी आम्हांला नियम घालून दिला: पाड्यावर प्रार्थना नाही, पत्रके नाहीत, गळ्यातला क्रूससुद्धा पदराआड. तो नियम आजवर मोडलेला नाही. बाबांची कणसरी त्यांच्या कणगीत सुखाने नांदते आहे.

ही वाट काही आम्ही शोधलेली नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती आमच्या फार आधी तुडवून ठेवली आहे. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या आदिवासींमध्येच राहायला गेल्या. मुले शाळेत येत नाहीत, कारण कोणी गुरे राखतो, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते. हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्याकडे नेली! अंगणात भरली ती अंगणवाडी, आणि गुराख्यांसाठी रानात भरली ती कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर जोडले, म्हणजे थोरली मोकळी झाली. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पाने आणि शिंपले आले. पुढे 1975 साली देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द घरोघरी गेला.

आणि तरीही 1992 साली याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. शब्द घरोघरी पोहोचतो, घास पोहोचतोच असे नाही.

आमचा दवाखाना म्हणजे तरी काय? एक वजनकाटा, औषधांची पेटी आणि एक कागदी पट्टी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची. घेर साडेबारा सेंटिमीटरहून जास्त भरला तर हिरवा रंग, त्याखाली पिवळा, आणि साडेअकराच्याही खाली गेला तर तांबडा. तांबडा दिसला की मूल थेट रुग्णालयात न्यायचे. आपल्या बांगडीचा घेर आठवा, म्हणजे त्या दंडाची कल्पना येईल.

2018 च्या सप्टेंबरात दीड वर्षाच्या एका मुलीचा दंड बारा भरला. पिवळा. परिचारिकाबाईंनी आईला सारे समजावून सांगितले: दिवसातून पाचसहा वेळा थोडेथोडे भरवायचे, पेजेत तेल घालायचे, जुलाब लागले तर लगेच ताईला कळवायचे. पोरीने माझ्या हातची केळी कुस्करून खाल्ली आणि माझ्या पदराला हात पुसले. ऑक्टोबरात काटा पाव किलोने वर सरकला, तेव्हा आम्हांला आकाशच ठेंगणे झाले.

मग दिवाळी आली. पाड्यावर वाघबारस झाली, चवळी आणि करांदे शिजले, काकडीचे सावेळे झाले. आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो तो पडवीत ताई एकटी! समोर पाचसहा मुले, तीही आजीआजोबांपाशी ठेवलेली. बाकीची घरे कडी लावून बंद.

“दिवाळी झाली की सगळी जगायला जातात,” ताई म्हणाली.

जगायला! आम्ही गावाला जातो, देवाला जातो, हवापालटाला जातो. ही माणसे जगायला जातात. भात झोडून झाले की डोंगरात काम नाही. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात प्यायचे पाणी नाही. वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा आधीच उचललेला असतो. तो सणात आणि आजारपणात संपलेला असतो. मग पावसाळ्यापर्यंत साऱ्या घराने विटा पाडायच्या. आठवड्याला खर्ची मिळते, आणि शेवटी हिशेबात बयाणा वजा होऊन हाती काय उरेल ते नशीब.

“कुठे गेली ती पोरगी?” मी विचारले.

“तुमच्याकडेच की,” ताई म्हणाली. “वसईला.”

मी चरकले. ज्या पोरीसाठी आम्ही शंभरेक किलोमीटर जात होतो, ती माझ्या घरापासून दहाबारा किलोमीटरांवर, तालुक्याच्या पूर्वपट्टीत कुठेतरी होती. भट्टीचे नाव ताईला ठाऊक नव्हते. आम्ही रविवारच्या मिस्सेनंतर शोधायला निघू लागलो. चौथ्या रविवारी, जानेवारीत ती सापडली. विटांच्या चळतीआड झोळीत निजली होती. पट्टी गुंडाळली, तांबडी.

आईला म्हटले, बाय, रुग्णालयात चौदा दिवस राहावे लागेल. ती भट्टीकडे पाहत राहिली. नवराबायकोची जोडी मिळून विटा मोजल्या जातात; ती उठली की त्याचेही काम अडते. सरकार बुडीत मजुरीची थोडी भरपाई देते खरे, पण भट्टीवरची खर्ची आठवड्याला लागते. अखेर आमच्यातल्या एका नानांनी, जे आयुष्यभर दादरला भाजी विकत आले, दोन आठवड्यांची खर्ची तिच्या हातावर ठेवली. “वर्गणीत धरू नका,” ते म्हणाले. “माझ्या नव्या घराच्या विटा असल्याच हातांनी पाडल्या असतील.”

पोरगी वाचली. पण त्याच भट्टीवर आणखी अकरा मुले होती, आणि त्यांच्या पाड्यांची नावेही आम्ही कधी ऐकली नव्हती.

तेव्हापासून आमच्या कामात एक वही आली. दिवाळीआधी ताई प्रत्येक घरी विचारते, कुठल्या भट्टीवर, कुठल्या इमारतीवर जाणार? ती वही आमच्याकडे येते. आम्ही तिथे जाऊन मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत घालतो आणि दर महिन्याला पट्टी लावतो. सेविकांची मदत बहुतेक ठिकाणी मिळते. मालकांची कधी मिळते, कधी फाटकातूनच परत पाठवतात. निम्मी कुटुंबे तरी दरवर्षी हातातून निसटतात. भिवंडीला गेली तर आमची वही तिथे संपते. जुन्या कपड्यांची गाठोडी मात्र आता पाड्यावर जात नाहीत.

2011 च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती बारा लाखांवर गेली होती. केळीच्या बागा आणि पानमळे जाऊन तेथे इमारती उठल्या. त्या उठवणारे हात कोठून आले, हे आम्ही कधी विचारले नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा डोंगरातली घरे पुन्हा कड्या लावीत असतील. तुमच्या शेजारी बांधकाम चालले असेल, आणि वाळूच्या ढिगावर एखादे पोर खेळत असेल. त्याला फराळाचे द्याच. पण त्याच्या आईला एवढेही विचारा, की बाय, पाडा कोणता? आणि जवळची अंगणवाडी कोठे आहे, ते तिला दाखवून या. ती पोरगी आता तिसरीत आहे. यंदा आईबाप जगायला गेले, तरी ती आजीपाशी राहून शाळेत जाणार आहे, असे ताईने परवाच फोनवर सांगितले.