एक इंच म्हणजे एक फूट : बाहुलीच्या खोलीतला चैत्र

चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने मानले जात असले, तरी मुंबईच्या उपनगरांत झाडे पंचांगाची वाट पाहत नाहीत. बोरीवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलात काटेसावर माघातच लाल होऊ लागते, फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलतात, चैत्रात रस्त्याकडेचे करंज आणि आवारांतले कडुनिंब बहरतात, आणि वैशाखाच्या उन्हात बहाव्याचे पिवळे घोस व तामणाचे जांभळे तुरे दिसू लागतात. याच दिवसांत पुष्कळ मराठी घरांत चैत्रगौर बसते आणि तिच्यापुढे आरास मांडली जाते. लघुदालन, म्हणजे खऱ्या खोलीची ठरावीक प्रमाणात हाताने केलेली छोटी प्रतिकृती, हा छंद अलीकडे शहरांत रुजू लागला आहे. अशा दालनात वसंत उतरवायचा असेल तर त्याचा नमुना परदेशी संचाच्या वेष्टनावर शोधण्याऐवजी घरासमोरच्या झाडात आणि घरातल्या आरासीत शोधणे अधिक योग्य ठरते.

तयार संचांमध्ये वसंताची खूण म्हणून बहुधा ट्यूलिप आणि डॅफोडिल दिलेले असतात. ही फुले कंदांपासून उगवतात, आणि ट्यूलिपच्या कंदाला नीट फुलण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे सलग कडक थंडी मिळावी लागते. श्रीनगरमध्ये ती मिळते, म्हणून तेथे ट्यूलिपची मोठी बाग उभी राहू शकली. मुंबईत ती थंडी मिळत नाही. त्यामुळे शहाबादी फरशी, देव्हारा आणि झोपाळा असलेल्या छोट्या मराठी खोलीच्या खिडकीत ट्यूलिपची कुंडी ठेवली, की फूल कितीही सुबक असले तरी खोली खोटी वाटू लागते. लघुदालन पाहणाऱ्याला पटते ते त्यातल्या वस्तूंच्या परस्परमेळामुळे, आणि ऋतू हा त्या मेळाचा महत्त्वाचा भाग आहे.

लहान आकारात घर मांडण्याची आवड मराठी माणसाला नवी नाही. भातुकलीत चूल, जाते, पाटा-वरवंटा, बंब, कळशी, परात असा सारा संसार तांब्यापितळेत, लाकडात, दगडात आणि मातीत घडवला जाई. दिवाळीत इमारतींच्या आवारांत मुले मातीचे किल्ले करतात आणि त्यावर अळीव पेरून हिरवळ वाढवतात. मात्र या दोन्ही परंपरांत प्रमाण काटेकोर नसते. किल्ल्यावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे, कारण तेथे आकार ठरतो तो मानावरून, मापावरून नव्हे.

चैत्रगौरीची आरास मात्र आजच्या लघुदालनाच्या सर्वांत जवळ येते. चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णेची किंवा गौरीची मूर्ती छोट्या झोपाळ्यावर बसवली जाते, ती माहेरी आली आहे असे मानले जाते, आणि अक्षय तृतीयेपर्यंत म्हणजे जवळजवळ महिनाभर तिचा मुक्काम असतो. या महिन्यात सोयीच्या एखाद्या दिवशी हळदीकुंकू करतात; त्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून तिच्यावर फुले, फळे, फराळाचे पदार्थ, खेळणी आणि बाहुल्या मांडल्या जातात, कैऱ्यांचे घोस टांगले जातात, कलिंगड कमळासारखे कापून ठेवले जाते, आणि आलेल्या सवाष्णींना पन्हे, आंबेडाळ व भिजवलेले हरभरे दिले जातात. अंगणात गौरीशी निगडित चिन्हांची चैत्रांगण नावाची रांगोळी काढली जाते. सदनिकांत अंगण नसल्याने ती उंबऱ्याबाहेरच्या दोन फरशांवर येते. नीट पाहिले तर या आरासीत पाहुणी आहे, तिचे आसन आहे, तिच्यापुढचा फराळ आहे आणि तिच्याभोवतीची बाग आहे, म्हणजे एका खोलीला लागणारे सर्व काही आहे. वीतभर लांबीरुंदीच्या खोक्यात हीच आरास प्रमाणात मांडली, तर परंपरेला धक्का न लागता तिला नवी नजर मिळते, आणि फ्लॅटच्या अपुऱ्या जागेचा प्रश्नही सुटतो.

युरोपात बाहुलीघर हे प्रथम मुलांचे खेळणे नव्हते, तर श्रीमंतांच्या संग्रहाची वस्तू होती. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने सोळाव्या शतकाच्या मध्यास करवून घेतलेले घर हे नोंद असलेल्या आरंभीच्या घरांपैकी एक होय; अ‍ॅमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या बाईचे सतराव्या शतकाच्या अखेरीचे बाहुलीघर आज तेथील राइक्स संग्रहालयात आहे. बागेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण विसाव्या शतकातले आहे. नवी दिल्लीच्या रचनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या एडविन लट्यन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एकास बारा या प्रमाणातले बाहुलीघर रचले, आणि त्याची बाग त्या काळच्या प्रसिद्ध उद्यानरचनाकार गर्ट्रूड जीकल यांनी आखली. ही बाग घराच्या तळाशी एका खणात आहे. खण बाहेर ओढला की ती समोर येते. खऱ्या बागा रचणाऱ्या बाईंनी खोट्या बागेचीही तितक्याच गांभीर्याने आखणी केली, ही गोष्ट या छंदाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते घर आज विंडसर किल्ल्यात पाहता येते.

एकास बारा हे प्रमाण जगभर रूढ झाले ते सोयीमुळे, कारण त्यात खऱ्या जगातला एक फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच होतो. दहा फूट बाय बारा फुटांची खोली दहा इंच बाय बारा इंचांच्या तळावर उभी राहते, आणि सात फुटांचा दरवाजा सात इंचांचा होतो. पण लांबी बारा पटींनी घटते तेव्हा पृष्ठभाग १४४ पटींनी आणि घनफळ १,७२८ पटींनी घटते, हे अनेकदा विसरले जाते. कापडाचा ताठपणा मात्र त्या मानाने घटत नाही. म्हणून खऱ्या घरात स्वतःच्या वजनाने झुलणारा पडदा छोट्या खोलीत पुठ्ठ्यासारखा उभा राहतो, आणि फुलांची माळ लोंबण्याऐवजी तिरकी तरंगते. यावर उपाय असा की मलमलीचा पातळ तुकडा पाण्यात कालवलेल्या डिंकात भिजवावा, टाचण्यांनी चुण्या घालून तसाच वाळू द्यावा, आणि माळेसाठी दोऱ्याऐवजी तांब्याची केसासारखी बारीक तार घ्यावी. वजन जे काम करत नाही ते आकार देऊन करून घ्यावे लागते. या कलेतले निम्मे कौशल्य यातच आहे.

प्रमाणाचा दुसरा परिणाम नजरेवर होतो. एक फुटावरून पाहिलेली लघुवस्तू बारा फुटांवरून पाहिलेल्या खऱ्या वस्तूएवढी दिसते, म्हणून बारा फुटांवरून जे दिसत नाही ते करूच नये, आणि रंगही किंचित मंद ठेवावेत. बहाव्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात व त्यांतले तीन लांब आणि वळलेले असतात, ही माहिती वनस्पतिशास्त्रात मोलाची आहे. पण चार मिलिमीटरच्या फुलात ते कोरण्याचा अट्टाहास केला तर घोसाचा हलकेपणा हरवतो. बहावा ओळखू येतो तो घोसाच्या लोंबण्यावरून, देठाकडे उमललेल्या फुलांवरून आणि टोकाकडे लहान होत जाणाऱ्या कळ्यांवरून. एक फुटाचा घोस प्रतिकृतीत इंचभराचा होतो, आणि तेवढ्या तारेवर पिवळ्या कागदाचे ठिपके उतरत्या आकारात चिकटवले तरी बहावा उभा राहतो.

नवशिक्याने सुरुवात पळसापासून करावी. पानझडी जंगलातली अनेक झाडे कोरड्या ऋतूत पाने गाळून पाण्याचा व्यय थांबवतात आणि त्याच काळात फुलतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे फुले दुरून दिसतात, आणि मधाच्या ओढीने येणारे शिंजीर, बुलबुल, मैना असे पक्षी एका फुलावरून दुसऱ्यावर पराग पोचवतात. झाडाची ही युक्ती कारागिराच्याही पथ्यावर पडते, कारण पाने करण्याचे सर्वांत वेळखाऊ काम वाचते. एखादी वाकडी, गाठाळ सुकी काडी हेच पळसाचे खोड होते. फूल खरे दोन इंचांचे, म्हणून प्रतिकृतीत जेमतेम चार मिलिमीटरचे करावे, केशरी कागदाची कोयरीच्या आकाराची वळलेली पाकळी पुरे. मात्र देठाशी गडद, जवळजवळ काळा, मखमली ठिपका हवाच. हा काळा पुष्पकोश, म्हणजे फुलाला खालून धरणारी वाटी, नसेल तर झाड नुसते केशरी दिसते, पळस दिसत नाही. काटेसावरीच्या पाकळ्या जाड आणि मांसल असतात, त्यामुळे तिला पातळ कागद चालत नाही. मक्याचे पीठ आणि फेविकॉल शिजवून मळलेला लगदा तिच्यासाठी अधिक चांगला. हा लगदा वाळताना आक्रसतो, म्हणून फूल मुळातच थोडे मोठे घडवावे. बोगनवेलीला मात्र पतंगाचा कागदच हवा, कारण तिच्या रंगीत ‘पाकळ्या’ ही खरे तर कागदी पोताची पाने असतात आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मधली छोटी पांढरी नळी असते. पतंगाच्या कागदाचा रंग ओलाव्याने सुटतो, एवढे सांभाळून गोंद अगदी कमी वापरावा.

आरासीतल्या बारीक वस्तूंसाठी स्वयंपाकघराइतके समृद्ध दुकान दुसरे नाही. मोगऱ्याची कळी अर्ध्या इंचाची धरली तर प्रतिकृतीत ती सुमारे एक मिलिमीटरची होते, आणि राजगिऱ्याचा दाणा नेमका तेवढा व तशाच सायीच्या रंगाचा असतो. गोंद लावलेल्या तारेवर राजगिरा बसवला की गजरा तयार होतो. मुगाचा दाणा हिरव्या लिंबाच्या जागी शोभतो. कैरी आठ मिलिमीटरची आणि कलिंगड इंचभराचे मातीतून घडवता येते. मात्र मुंबईच्या दमट हवेत धान्याला कीड लागते आणि पावसाळ्यात कागद सैल होऊन वळतो, म्हणून सर्व वस्तूंवर व्हार्निशचा पातळ हात देणे आवश्यक आहे. चैत्रात केलेली खोली श्रावणात पाहण्याजोगी राहते ती त्यामुळेच.

खरी फुले वापरावीत का, हा प्रश्न या छंदात नेहमी पुढे येतो. खरे फूल छोटे करता येत नाही, त्यामुळे मोगऱ्याचे खरे फूल छोट्या खोलीत राक्षसी दिसते. निसर्गतःच बारीक असणारी फुले मात्र उपयोगी पडतात. कडुनिंबाचे पाच पाकळ्यांचे पांढरे, सुगंधी फूल सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते आणि एकास बारा प्रमाणात ते अनंताच्या फुलाएवढे भासते. ते गुढीपाडव्याच्या सुमारासच मिळते, हाही एक योग आहे. घाणेरीच्या गुच्छातले एकेक फूल जास्वंदीच्या जागी बसते. करंजाखाली सकाळी लाह्या सांडाव्यात तसा फुलांचा सडा पडलेला असतो, त्यातल्या मिटल्या कळ्या निवडून घेता येतात. ही फुले बारीक कोरड्या वाळूत किंवा सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या खड्यांत, काही दिवस पुरून ठेवली की आकार टिकवून सुकतात. राष्ट्रीय उद्यानातून मात्र काहीही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथील वनस्पतींना संरक्षण आहे, आणि गळून पडलेले फूलही त्या जंगलातल्या कीटकांच्या व मातीच्या वाट्याचे असते. उद्यानात जाऊन पाहावे, रेखाटावे, छायाचित्र घ्यावे. फुले वेचावीत ती स्वतःच्या सोसायटीच्या आवारात.

खोलीच्या रचनेत फुलांची जागा प्रकाशावरून ठरवावी. खोक्याची एक बाजू मोकळी असते, डाव्या किंवा उजव्या भिंतीत खिडकी कापावी, तिच्यामागे फुललेल्या झाडाची फांदी उभी करावी आणि फांदीच्या मागून पिवळसर छटेचा एलईडी दिवा द्यावा, म्हणजे फांदीची सावली खोलीतल्या फरशीवर पडते. गौरीचा झोपाळा त्या उजेडाच्या कडेला असावा. चारही बाजूंना फुलेच फुले करण्याचा मोह टाळावा. खिडकीबाहेर एक झाड, गौरीपुढे एक परडी, दारावर एक तोरण आणि उंबऱ्यावर चैत्रांगण एवढे वसंतासाठी पुरेसे असते. सनबोर्ड, माउंटबोर्ड आणि बालसा लाकूड मुंबईत आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांमुळे सहज मिळते, त्यामुळे भिंती व फर्निचर यांची अडचण पडत नाही.

लाकडाच्या बाबतीत कोकणातला एक धागा या विषयाशी थेट जुळतो. सावंतवाडीच्या चितारआळीत जी रंगीत लाकडी खेळणी आणि फळे घडतात, त्यांच्यासाठी पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड परंपरेने वापरले जात आले आहे. फाल्गुनात लालभडक फुलणारे झाडच पुढे मुलांच्या हातातले खेळणे होते. चैत्रगौरीच्या छोट्या आरासीत सावंतवाडीचा एखादा बारीक आंबा किंवा भातुकलीतले एखादे भांडे ठेवण्यास म्हणूनच हरकत नसावी, जरी ते एकास बारा या मापात तंतोतंत बसत नसले तरी.

ज्यांना पुढच्या चैत्रात अशी खोली मांडायची असेल त्यांनी कामाला माघात लागावे, कारण फूल समोर असतानाच त्याचा रंग कागदाशी ताडून पाहता येतो. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. इतर दिवशी सकाळी लवकर जावे, काटेसावर आणि पळस आधी पाहून घ्यावेत, आणि कागद त्यानंतर विकत घ्यावा.