गगनबावड्याचा पाऊस आणि इतिहासमंडळाचे वर्ष

इतिहाससंशोधक मंडळ म्हणजे काय, असे एखाद्या विद्यार्थ्यास विचारिले, तर काही वृद्ध व विद्वान गृहस्थ एका खोलीत बसून जुन्या कागदांवर वाद घालतात, त्या संस्थेस हे नाव आहे, असे तो बहुधा सांगेल. ही कल्पना सर्वस्वी खोटी नव्हे. तथापि मंडळाचे खरे काम न्यायसभेपेक्षा शेतीशी अधिक जुळते. शेतीप्रमाणेच येथेही प्रत्येक कामाचा ऋतू ठरलेला असतो, आणि तो चुकला की पुढे कितीही श्रम केले तरी ते नुकसान भरून येत नाही.

ही गोष्ट गगनबावड्यास जितकी उघड दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. कोल्हापुराहून सुमारे ५५ किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर हे गाव आहे. करूळ व भुईबावडा हे दोन घाट येथूनच कोकणात उतरतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग प्रथम याच कड्यावर आदळतात. त्यामुळे वर्षास पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, पाऊस येथे पडतो. कोल्हापूर शहराच्या वाट्यास त्याचा पाचवा हिस्साही मोठ्या कष्टाने येतो. असा पाऊस चार महिने अंगावर घेणारा तट, उघड्यावर पडलेला वीरगळ आणि माळ्यावर ठेविलेला दप्तराचा रुमाल यांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि येथे राखण्यासारखे काही थोडेथोडके नाही. गगनगड हा शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधिला असे सांगतात. गडावर गैबी पिराचे स्थान आहे, आणि गगनगिरी महाराजांच्या आश्रमामुळे भाविकांची ये-जा वर्षभर चालू असते. जवळच पळसंबे येथे ओढ्याच्या पात्रातील पाषाणातच कोरून काढिलेली लहानलहान देवळे आहेत. पुढे बावडा ही अमात्य घराण्याची जहागीर झाली, आणि १९४९ साली करवीर संस्थान मुंबई इलाख्यात विलीन होईपर्यंत पंत अमात्य बावडेकर हे नाव या डोंगराशी जोडलेले राहिले.

याच घराण्यातील रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेले आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याची स्तुती पुष्कळ होते. परंतु त्यातील दुर्गप्रकरण किती व्यावहारिक आहे, याकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. गड बांधण्यापूर्वी तेथील पाणी पाहावे. एका झऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून खडक फोडून टाकी करावीत. तटाबुरुजांवर झाडे उगवली तर ती वरचेवर तोडावीत, गवत वाढू देऊ नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. गड जिंकणे सोपे, त्यावरील गवत दरसाल काढणे कठीण, हे त्या मुत्सद्द्यास पक्के ठाऊक होते!

हा उपदेश आजही जसाच्या तसा लागू पडतो. वडा-पिंपळाचे बीज पाखरांच्या विष्ठेवाटे दगडांच्या सांध्यात पडते आणि आषाढात त्यास अंकुर फुटतो. कार्तिकात ते रोप दोन बोटांनी उपटता येते. तीन वर्षांनी त्याची मुळी चिऱ्यांमागे शिरून त्यांस पुढे ढकलू लागते, आणि मग ती ओढून काढू गेल्यास चिराच निखळून येतो. तेव्हा मूळ न ओढता खोड कापून पुनः पुनः खच्ची करणे एवढाच उपाय उरतो. म्हणून किल्ल्यावरील कामाचा मुहूर्त म्हणजे पाऊस संपल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस. मुले अंगणात मातीचे किल्ले करितात त्याच सुट्टीत खऱ्या किल्ल्यावर दोन दिवस विळा चालवावा. गवत जाळण्याची जुनी रीत मात्र आता टाकिली पाहिजे. वणवा पसरला तर भोवतालचे रान राहणार नाही. तसेच रंग लावणे, सिमेंटाने सांधे भरणे, गुप्तधनाच्या आशेने खणणे, ही कामे उत्साहाची असली तरी इतिहासाच्या शत्रूंचीच होत. त्यांपैकी कित्येक कायद्यानेही निषिद्ध आहेत.

पावसाळ्यात मंडळ स्वस्थ बसते असे नव्हे. तो वाचनाचा काळ. मोडी कागद बहुधा काजळाच्या शाईने लिहिलेले असतात. ही शाई उन्हाने सहसा विटत नाही, पण पाणी लागले की पसरते. सर्द हवेत कागदास बुरशी येते, कसर लागते, वाळवी तर एका हंगामात सबंध रुमाल फस्त करिते. म्हणून वैशाखातच दप्तरे सोडून सावलीत, वाऱ्यावर पसरावीत, झाडावीत, कोरड्या फडक्यात बांधावीत, आणि प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे. मग आषाढ-श्रावणात त्या छायाचित्रांवरूनच वाचन करावे. मूळ कागदास हात लावण्याचे कारण नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच रुमाल मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्यास आरंभ केला. त्यांच्या काळी छायाचित्राची सोय हाताशी नव्हती, एवढाच भेद. १९१० साली त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांनी जमविलेल्या संग्रहाचे काय होणार हा प्रश्न होता. धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ काढून तो सोडविला. पुण्यासारखी विद्येची पेठ नसलेल्या गावाने हे काम अंगावर घेतले, हे आमच्या तालुक्यातील लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

हिवाळा हा हिंडण्याचा व विचारण्याचा. वीरगळावर खाली युद्ध, मधे अप्सरांसह वर जाणारा वीर, आणि शिरोभागी शिवलिंगाची पूजा व चंद्रसूर्य असे थर असतात. तो दगड कोणत्या शेतात, कोणत्या दिशेस तोंड करून उभा आहे, हे लिहून ठेवावे, जागचा हलवू मात्र नये. वृद्धांकडून घाटवाटांची, पाणवठ्यांची, गावरहाटीची माहिती टिपून घ्यावी. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतील बाप्तिस्म्याच्या व पुरणाच्या नोंदवह्यांसही हीच दृष्टी लावावी. एखाद्या वर्षी पुरणाच्या नोंदी एकाएकी वाढलेल्या दिसल्या, तर त्यामागे साथ किंवा दुष्काळ असण्याचा संभव असतो, आणि ती हकीकत दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडेलच असे नाही. या वह्या कित्येक ठिकाणी वेदीमागच्या ओलसर खोलीत पडून आहेत.

उन्हाळ्याचे काम थोडेच, पण नेटाचे. टाक्यांतील पाणी उतरले की संबंधित खात्याची परवानगी घेऊन गाळ उपसावा, आणि त्यात खापर किंवा घडीव दगड निघाल्यास तो घरी न नेता जागेची नोंद करून त्या खात्याच्या स्वाधीन करावा. मग वर्षभराचे इतिवृत्त लिहून त्याच्या तीन प्रती कराव्यात. त्यांपैकी एक तरी प्रत घाटमाथ्यावर न ठेविता कोल्हापुरास, कोरड्या कपाटात ठेवावी.