घरच्या व्यायामाच्या सायकलची सुरुवात

एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर पायडल मारण्याआधी सीटची उंची ठरवावी लागते. सायकलशेजारी उभे राहिल्यावर सीट साधारण कमरेच्या हाडाशी यावी. मग वर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवून पायडल मारताना गुडघा आपोआप थोडा, साधारण २५ ते ३५ अंश, वाकलेला राहतो. सीट फार खाली राहिली तर गुडघ्याची वाटी पुढून दुखू शकते. फार वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे डोलू लागते. सायकल ‘सोसत नाही’ म्हणून ती कपडे वाळवायला ठेवण्याआधी सीट दोन बोटे वरखाली करून पाहावी.

चुंबकी सायकलीत चुंबक फिरत्या चाकाजवळ सरकला की जोर जास्त लागतो. काही घासत नसल्याने आवाज कमी. जड चाकाच्या काही सायकलींत पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहतात. त्यांचा ब्रेक आधी शोधावा. ओढणी, पदर आणि बुटाची नाडी आवरून बसावे.

पहिल्या आठवड्यात दिवसाआड १०-१५ मिनिटे पुरतात. सुरुवातीची तीन-चार मिनिटे हलकी, नंतर मिनिटाला ६०-७० फेरे. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना असे श्रम आठवड्याला किमान १५० मिनिटे सुचवते. तिथवर हळूहळू जावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पडद्यावरचा कॅलरींचा आकडा मात्र निव्वळ अंदाज असतो.