पत्रास कारण की...

नोएडातील सेक्टर ६३ अथवा गुरुग्राममधील उद्योग विहार या भागांत जाहिरात, संकेतस्थळनिर्मिती, मजकूरलेखन अशी कामे करणाऱ्या लहानमोठ्या एजन्सी पुष्कळ आहेत. पाचसात माणसांचा व्यवसाय, भाड्याची जागा, संगणकांचे हप्ते आणि बहुधा एकच मोठा ग्राहक, असे त्यांतील अनेकींचे स्वरूप असते. त्या ग्राहकाने वर्षअखेरीस करार वाढविला नाही, तर पुढच्या महिन्याचे पगार कोठून द्यायचे हा प्रश्न उभा राहतो. कर्जप्रस्ताव तपासताना बँक अधिकारी येणेबाकीची यादी आधी चाळतो, ती याचसाठी. यादीतील बहुतेक रक्कम एकाच नावावर असेल, तर ताळेबंद कितीही नेटका असला तरी त्याची लेखणी थबकते.

नवे ग्राहक मिळविण्यासाठी अशा एजन्सीजवळ ओळखीपाळखीखेरीज एक स्वस्त साधन असते. ज्याने काही विचारलेले नाही, ज्याच्याशी कधी गाठ पडलेली नाही, अशा व्यक्तीस व्यवसायासाठी ईमेल लिहिणे. व्यवहारात याला ‘कोल्ड ईमेल’ म्हणतात. साधन स्वस्त आहे, आणि नेमका तोच त्याचा शाप आहे.

या शापाचे मूळ बरेच जुने आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आर्पानेट या तत्कालीन संगणकजालावरील सुमारे ४०० जणांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले. तक्रारींचा पाऊस पडला. तथापि त्यातून एक कोटी डॉलरहून अधिक विक्री झाली, असे थर्क पुढे सांगत असत. पुढच्या पिढ्यांनी तक्रारी विसरून विक्रीचा आकडा तेवढा लक्षात ठेवला, असे म्हणावेसे वाटते.

आपल्याकडील जुन्या पत्रलेखनात ‘स. न. वि. वि.’ झाले की ‘पत्रास कारण की’ असे लिहून मूळ मुद्द्यास हात घातला जाई. अनोळखी व्यक्तीस लिहिलेल्या ईमेलचे सारे बळ या ‘कारणात’ असते. बहुतेक ईमेल फसतात, ते त्यातील कारण लिहिणाराचे असते म्हणून. आम्हांस काम हवे आहे, आमची एजन्सी अमुक वर्षे कार्यरत आहे, आमच्याकडे तमुक सेवा मिळतात. वाचणाराचे कारण त्यात कोठेच नसते.

दिल्ली परिसरातच या बाबतीत दोन बोलकी उदाहरणे आहेत. दिनेश अग्रवाल हे अमेरिकेतील नोकरी सोडून परतले आणि १९९६ मध्ये ब्रिजेश अग्रवाल यांच्यासह त्यांनी इंडियामार्टचा आरंभ केला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. निर्यातदारांची माहिती जालावर मांडायची, हा त्यांचा बेत. परंतु ज्यांच्यासाठी तो होता, त्यांच्यापैकी अनेकांकडे संगणकच नव्हता. तेव्हा परदेशी खरेदीदारांची ईमेलने आलेली विचारणा कागदावर छापून फॅक्सने अथवा टपालाने निर्यातदाराकडे पोहोचविली जाई. संकेतस्थळ म्हणजे काय, हे समजावून सांगण्यापेक्षा खरेदीदाराची चौकशी हातात ठेवणे अधिक परिणामकारक होते. संजीव बिखचंदानी यांनी १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू केले, तेव्हा त्यावरील सुमारे एक हजार जागा वृत्तपत्रांत आधीच प्रसिद्ध झालेल्या जाहिरातींतून घेतलेल्या होत्या. ज्या कंपन्यांकडे पुढे शुल्क मागायचे, त्यांचे काही काम आधीच होऊन गेले होते. दोन्ही ठिकाणी मागणीच्या आधी उपयोग पोहोचला.

आजच्या एजन्सीला हे कसे साधावे? समजा, उद्योग विहारमधील एका तयार कपड्यांच्या निर्यातदारास लिहायचे आहे. लिहिण्यापूर्वी त्याचे संकेतस्थळ मोबाइलवर उघडून पाहावे. नमुन्यांची मागणी नोंदविण्याचा अर्ज तेथे पाठविताच येत नाही, असे आढळले तर ईमेलचे कारण सापडले. मग मजकूर एवढाच: “महोदय, आपल्या संकेतस्थळावर नमुने मागविण्याचा अर्ज मोबाइलवरून भरल्यास शेवटचे बटण दिसत नाही. आज दोन वेगवेगळ्या मोबाइलवर तसा अनुभव आला. आपल्या तंत्रज्ञांस ही दुरुस्ती सहज करता येईल. आम्ही निर्यातदारांच्या संकेतस्थळांचे काम करतो. हा विभाग आपल्याकडे कोण पाहतात, हे कळविल्यास अशाच आणखी दोन गोष्टी त्यांच्या निदर्शनास आणू.” खाली नाव, पत्ता, दूरध्वनी. सेवांची जंत्री नाही, दरपत्रक नाही आणि सोबत जोडलेली फाइलही नाही. अनोळखी ईमेलमधील फाइल शहाणा माणूस उघडत नाही, हे बँकेच्या ग्राहकांस वेगळे सांगावयास नको. दुरुस्ती फुकट सांगून टाकली तर काम कोण देईल, अशी शंका येथे हमखास निघते. दुरुस्ती सांगणे आणि करून देणे यांतील अंतर ज्याने धंदा केला आहे त्याला ठाऊक असते.

असे पाच ईमेल लिहिण्यात अर्धा दिवस जातो. उलट विकतच्या यादीतील पाच हजार पत्त्यांवर एकच मजकूर दहा मिनिटांत जातो, आणि मोह तेथेच होतो. त्याची किंमत मात्र वेगळ्याच खात्यात पडते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने ईमेल पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून निघाला, याची एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी ही तांत्रिक साक्ष हवी, नको म्हणणाऱ्यास एका क्लिकने सुटका हवी आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवे. डोमेनची पत एकदा घसरली की जुन्या ग्राहकास पाठविलेले बिलसुद्धा स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते. बिल दिसले नाही, म्हणून पैसे आले नाहीत, म्हणून कॅश क्रेडिटची मर्यादा ओलांडली. साखळी सरळ बँकेच्या दारात येते.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. अमेरिकी ग्राहकास लिहिताना तेथील २००३ चा कॅन-स्पॅम कायदा लागू होतो. प्रेषकाचा टपालाचा पत्ता देणे आणि नको म्हणणाऱ्याचे नाव कामाच्या दहा दिवसांत वगळणे त्यात बंधनकारक आहे. आपल्याकडे व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येण्याची सोय त्यांत आहे. संमतीवाचून गोळा केलेल्या विकतच्या याद्या यापुढे अधिकच जोखमीच्या ठरतील.

दिल्लीचे म्हणून एक वैशिष्ट्य येथे नोंदवावयास हवे. या शहरात मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांची दाटी आहे आणि तेथील संचालकांचे ईमेल पत्ते सहज मिळतात. नवी एजन्सी उत्साहाने त्यांना लिहीत सुटते. परंतु तेथील खरेदी निविदेने किंवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम पोर्टलवरून होते. अधिकाऱ्यास मजकूर आवडला तरी त्याला काम देता येत नाही. तेथे लिहिण्यापेक्षा जेमवर नोंदणी करून निविदेची पात्रता वाचण्यात वेळ घालविलेला बरा.

उत्तर न आल्यास आठवड्याने एक आठवण, फार तर दुसरी, आणि मग थांबावे. आलेले प्रत्येक उत्तर, नकारसुद्धा, तारखेसह वहीत उतरवावे. पुष्कळ उत्तरे “सध्या गरज नाही, नवे वर्ष सुरू झाल्यावर पाहू” अशा थाटाची असतात. बहुतेक जण त्यास सभ्य नकार समजून सोडून देतात. परंतु कंपन्यांची नवी अंदाजपत्रके एप्रिलपासून खुली होतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच व्यक्तीस, तिच्याच त्या वाक्याची आठवण देऊन लिहिलेला ईमेल आता अनोळखी राहिलेला नसतो.