प्लगची टोपणं नंतर, आधी मेन बोर्ड

लेखमाला : रांगत्या बाळाचं घर | भाग ६

मागच्या भागात औषधं, फिनेल आणि गिळता येतील अशा बारीकसारीक वस्तूंचा बंदोबस्त आपण पाहिला. या आठवड्याचा विषय आहे वीज. बाळ रांगायला लागलं की बऱ्याच घरांत प्लगच्या भोकांत बसवायची प्लास्टिकची टोपणं आणली जातात. ती बसवली की आईवडिलांना हायसं वाटतं आणि विजेचा विषय तिथेच संपतो. माझं आग्रहाचं सांगणं असं, की टोपणं हा या यादीतला शेवटचा उपाय आहे. सुरुवात मेन बोर्डापासून करायला हवी.

प्लग पॉइंट खाली आले

जुन्या घरांत खोलीच्या दाराशेजारी चार-साडेचार फुटांवर एक लाकडी बोर्ड असायचा. दिव्याची बटणं, पंख्याचा रेग्युलेटर आणि एखादा प्लग पॉइंट, सगळं त्याच्यावरच. लहान मुलाचा हात तिथे पोचायचा नाही. आता फ्लॅटमध्ये टीव्हीमागे, पलंगाच्या दोन्ही अंगांना, सोफ्याजवळ जमिनीपासून फूटभर उंचीवर सॉकेट असतात. तेही पुरत नाहीत म्हणून एक्स्टेंशन बोर्ड येतो आणि तो तर थेट फरशीवरच पडलेला असतो.

इकडे बाळाची वाढही याच दिशेने चाललेली असते. सात-आठ महिन्यांचं मूल रांगू लागतं. नऊ-दहा महिन्यांच्या सुमाराला त्याला अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते. दिसेल त्या भोकात बोट घालून पाहायचं आणि हाती येईल ते तोंडात घालायचं, हीच त्याची जग समजून घेण्याची रीत असते. त्याच्या नेमक्या नजरेच्या उंचीवर आपण वीज आणून ठेवली आहे. तेव्हा ‘हात लावू नको’ असं दहा वेळा बजावून भागणार नाही. बाळ चुकणार, हे धरूनच घर तयार करायला हवं.

एमसीबी बाळाला वाचवत नाही

घरात २३० व्होल्टची वीज येते. शरीरातून तिचा किती प्रवाह जातो आणि किती वेळ जातो, यावर इजा ठरते. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखं वाटतं. १० मिलिअँपिअरच्या आसपास मोठ्या माणसाचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. लहान मुलांची ही मर्यादा आणखी खाली असते. प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या पुढे गेला आणि काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध हजार ओहमच्या घरात धरला, तर २३० व्होल्टला जवळजवळ २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. बाळाचे हात तर लाळेने सतत ओलेच असतात.

आता बोर्डातल्या एमसीबीकडे पाहा. सर्वांत लहान एमसीबी बहुधा ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा असतो. २३० मिलिअँपिअर त्याच्या दृष्टीने एखाद्या बल्बाएवढा भार झाला. मूल तारेला चिकटलेलं असतानाही तो पडणार नाही. शॉर्टसर्किट झालं किंवा भार वाढला तर वायर जळू नये, एवढ्यासाठीच तो असतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली की नाही, हे तो अखंड ताडून पाहतो. थोडीशी वीज कोणाच्या शरीरातून जमिनीत गेली की हिशेबात फरक पडतो आणि तो पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा. एवढ्या गळतीला त्याने जास्तीत जास्त ०.३ सेकंदात आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात तोडलं पाहिजे, असा दंडक आहे. बाळाला झटका जाणवेल, ते रडेल, पण जीव वाचण्याची शक्यता कितीतरी वाढेल. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही मिळतात. ते मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. म्हणून वरचा आकडा वाचून घ्या.

या उपकरणावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. पुरवठा लगेच तुटला नाही, तर ते उपकरण निकामी आहे असं समजा आणि बदलून घ्या. जुन्या इमारतीत आरसीसीबी नसेल, तर परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घेता येतो. बाळाच्या पाळण्यावर किंवा खेळण्यांवर खर्च करण्याआधी हा खर्च करा.

याच्या जोडीला अर्थिंग हवंच. फ्रीज, वॉशिंग मशीन, कूलर यांच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर अर्थच्या वायरने ती जमिनीत जाते आणि कोणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल, तर तो पडण्यासाठी कोणाचा तरी हात लागावा लागतो. विदर्भात दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसं आणि मुलं दगावल्याच्या बातम्या येतात. ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला लोखंडी कूलर हे तिन्ही तिथे एकत्र येतात. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

बटण बंद, तरी भोकात वीज

असं का, तेही समजून घेऊ. आपल्याकडे बहुतेक सॉकेटला शेजारी स्वतंत्र बटण असतं, ही चांगली सोय आहे. पण हे साधं बटण दोनपैकी एकच वायर तोडतं. ती फेजची असेल तर ठीक. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली असेल, तर बटण न्यूट्रल तोडतं आणि भोकातली फेज तशीच जिवंत राहते. टीव्ही बंद, चार्जर बंद, सगळं बंद दिसतं, आणि बाळाच्या हातातली हेअरपिन आत गेली तर शॉक बसतो.

वायरमनला बोलावाल तेव्हा प्रत्येक पॉइंट टेस्टरने तपासून घ्या. अर्थचं मोठं भोक वर ठेवून समोरून पाहिलं, तर फेज उजव्या भोकात असायला हवी. बटण चालू असताना फक्त तिथे टेस्टरचा दिवा लागावा आणि बटण बंद केल्यावर कुठेच लागू नये. एक्स्टेंशन बोर्डाचा प्लग दोन पिनांचा असेल, तर तो उलटसुलट कसाही बसतो. म्हणजे बोर्डावरचं बटण आज फेज तोडेल आणि उद्या न्यूट्रल. शिवाय त्या बोर्डाला अर्थही मिळत नाही. असा बोर्ड बाळाच्या घरातून हद्दपार करा.

शटर आणि टोपण

आरसीसीबी असला तरी एक उणीव राहते. मुलाने एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना स्पर्श केला आणि जमिनीत काहीच वीज गेली नाही, तर हिशेब जुळतो आणि आरसीसीबी गप्प राहतो. म्हणून भोकाचं तोंडच बंद हवं. शटरवाले सॉकेट हेच काम करतात.

आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते. ती सर्वांत आधी आत जाते. अनेक सॉकेटमध्ये तिच्याच दाबाने खालच्या दोन भोकांवरची शटर उघडतात. काही सॉकेटमध्ये दोन्ही पिना एकदम, सारख्या दाबाने आल्या तरच शटर सरकतात. दोन्ही रचनांत एकटी तार किंवा पिन सहसा आत जात नाही. नवे सॉकेट घेताना आयएसआय चिन्हासोबत आयएस १२९३ हा मानक क्रमांक पाहा आणि शटर आहे का ते विचारा. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळता येतो.

एक सवय मात्र आजपासून मोडायला हवी. दोन पिनांचा प्लग जात नाही म्हणून वरच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून शटर उघडण्याची. बाळ ते पाहत असतं. आपण त्याला शटर कसं चुकवायचं हेच शिकवत असतो. जो प्लग सरळ बसत नाही, तो तरी बदला किंवा सॉकेट तरी बदला.

आता टोपणं. शटर असलेल्या सॉकेटवर नको ते टोपण बसवलं, तर त्याची वरची दांडी अर्थच्या भोकात जाऊन शटर उघडूनच ठेवते. ते तुटलं किंवा वाकडं बसलं की खालची भोकं उघडी पडतात. ब्रिटनमध्ये शटरवाले सॉकेट १९४७ पासूनच्या मानकात आहेत. तिथल्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये रुग्णालयांना आणि शुश्रूषा केंद्रांना अशी टोपणं वापरणं थांबवायला सांगितलं, ते याच कारणाने. अमेरिकेने २००८ च्या वीज-संहितेत नव्या घरांसाठी टोपणांऐवजी शटरचे सॉकेटच आवश्यक केले.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी आहे. कुठलाही प्लग बसावा म्हणून रुंद भोकांचे सॉकेट अनेक घरांत असतात. त्यांत टोपण घट्ट बसत नाही, बाळ ते उपसून तोंडात घालतं आणि ते घशात अडकू शकतं. भाड्याच्या घरात सॉकेट बदलणं शक्यच नसेल आणि त्याला शटर नसेल, तरच टोपण वापरा. ते मोठं, एकरंगी, घट्ट बसणारं आणि मोठ्या माणसालाही काढायला जोर लागेल असं निवडा. प्राण्यांच्या चेहऱ्यांची रंगीत टोपणं मुलाला उलट तिकडेच खेचतात. वापरात नसलेल्या पॉइंटपुढे जड कपाट सरकवणं हा त्याहून भक्कम उपाय आहे.

एक्स्टेंशन बोर्ड आणि चार्जर

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचला. टेबलाच्या मागच्या बाजूला किंवा भिंतीवर, बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर तो स्क्रूने पक्का करा. जागा नसेल तर झाकण असलेली, हवा खेळेल अशी बोर्डाची पेटी मिळते, ती घ्या. वायर लोंबकळत ठेवू नका. ती ओढली की वरची गरम इस्त्री किंवा पाण्याची किटली बाळाच्या अंगावर येते. ६ अँपिअरच्या बोर्डावर साधारण १,३८० वॅटच भार चालतो. बादलीत सोडायचा पाणी तापवण्याचा रॉड बहुधा १,००० ते २,००० वॅटचा असतो. तो एक्स्टेंशनवर लावू नका, आणि मूल घरात असताना बादलीतला रॉड वापरणं टाळाच.

चार्जरचा धोका आपण सर्वांत कमी मोजतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कारवार भागात चालू ठेवलेल्या चार्जरच्या केबलचं टोक तोंडात घातल्याने एका तान्ह्या बाळाचा जीव गेल्याची बातमी देशभर पोचली. चांगला चार्जर आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू पूर्ण वेगळी ठेवतो. स्वस्त, बनावट चार्जरमध्ये ते अंतर आणि इन्सुलेशन राखलेलं नसतं, आणि बिघाड झाला की घरची वीज केबलच्या टोकापर्यंत येऊ शकते. म्हणून चार्जरवर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. फोन काढलात की चार्जरही सॉकेटमधून काढा आणि उंचावर ठेवा.

मुलाने वायर चावली आणि ओठाच्या कडेला भाजलं, तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांकडे न्याच. अशा भाजण्यात पाच ते चौदा दिवसांनी खपली पडताना ओठातली धमनी उघडी होऊन अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. तोवर घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

गणपती आणि दिवाळीतल्या दिव्यांच्या माळाही याच यादीत येतात. मखराभोवतीच्या पुष्कळशा माळा थेट २३० व्होल्टवर चालतात, त्यांची वायर पातळ असते आणि जोड चिकटपट्टीने झाकलेले असतात. माळ तीन फुटांच्या वर लावा, आणि आरतीनंतर तीर्थ, पाणी सांडलेल्या जागेपासून तिचा प्लग दूर ठेवा.

शॉक बसलाच तर

बाळाला ओढू नका; त्याला हात लावाल तर तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरडी लाकडी काठी किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने बाळाला तारेपासून दूर करा. श्वास नसेल तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा आणि ताबडतोब सीपीआर सुरू करा : छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश खोल, दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास. भाजलेल्या जागेवर, वीज तुटल्याची खात्री झाल्यावर, २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नका. बाळ लगेच हसायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण हृदयाची लय तपासून घेणं गरजेचं असतं.

या रविवारची कामं

मेन बोर्ड उघडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का पाहा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा. मग जमिनीवर बसून बाळाच्या उंचीवरून प्रत्येक खोली पाहा आणि हाताला येणारे पॉइंट, वायर, चार्जर यांची यादी करा. ती यादी वायरमनच्या हाती द्या आणि अर्थिंग, फेज-न्यूट्रल व शटर या तिन्ही गोष्टी समोर उभं राहून तपासून घ्या. आजी-आजोबांचं घर, पाळणाघर, गावाकडचं घर इथेही हेच विचारा. बाळ तिथेही तितकंच रांगतं. यातली बरीच कामं एका दिवसात होतात आणि पुढे वर्षानुवर्षं सगळ्या घराच्या उपयोगी पडतात. म्हणून ती पुढच्या महिन्यावर टाकू नका.

(पुढील भागात : स्वयंपाकघर – गॅस, कुकर आणि उकळतं पाणी)